सम-विषम तारखांची व्हॅन

गिअरबॉक्समध्ये तेल असतं आणि ते कधीतरी बदलावं लागतं, ही गोष्ट बऱ्याच लोकांना पहिल्यांदा माझ्या तोंडून कळली, आणि कळल्यावर ती त्यांना अजिबात आवडली नाही. इंजिनचं ऑइल सगळ्यांना माहीत. ते बदललं की माणसाला देवदर्शन करून आल्यासारखं वाटतं. पण गिअरचं ऑइल म्हटलं की गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघायचं, जणू हा खर्च मी आजच सकाळी आंघोळ करताना शोधून काढलाय.

"अहो मेस्त्री, इतकी वर्षं चालली की गाडी गिअरच्या तेलाशिवाय!"

"तेलाशिवाय नाही चालली. इतकी वर्षं त्याच तेलात चालली."

अंबरनाथ पूर्वेला पालेगावच्या वाटेवर माझं गॅरेज होतं. 'होतं' म्हणतो, कारण आता तिथे सोसायटीचं गेट उभं राहतंय, आणि माझे गुडघेही गाडीखालच्या खड्ड्यात उतरायला नाही म्हणतात. जागेनं आणि गुडघ्यांनी ठरवून एकाच सुमाराला राजीनामा दिला. दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं, एखादा थरारक अनुभव असेल तर लिहा. थरारक असं माझ्याकडे फारसं नाही. एकदा खड्ड्यात धामण निघाली होती, पण ती माझ्याआधी पळाली. म्हणून तेलाचंच सांगतो.

ज्यांनी कधी गाडीखाली वाकून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गिअरबॉक्स म्हणजे एक बंद लोखंडी पेटी. तिच्यात दातेरी चक्रं एकमेकांना धरून फिरतात आणि त्यांच्यामध्ये तेल असतं. हे तेल जळत नाही, फारसं कमी होत नाही, म्हणूनच कुणाला त्याची आठवण होत नाही. पण ते म्हातारं होतं. भजीवाल्याच्या कढईतलं तेल जसं दिवसभरात काळं पडतं, तसं हे काही वर्षांत पडतं, आणि त्यात चक्रांची झीज मिसळत जाते. पेटीला दोन नट असतात. एक तळाला, तेल सोडायचा. दुसरा बाजूला जरा वर, तेल भरायचा. गाडी सपाट जागेवर उभी करायची, थोडी फिरवून गरम करायची म्हणजे तेल पातळ होऊन सगळं खाली येतं, तळाचा नट खोलायचा, तेल गळू द्यायचं, नट परत लावायचा आणि बाजूच्या भोकातून नवं तेल पंपानं भरायचं. भोकातून तेल बाहेर येऊ लागलं की पेटी भरली. एवढंच काम. फक्त त्या तेलाला कुजक्या अंड्यासारखा वास असतो, आणि तो वास माझ्या अंगाला असेपर्यंत आमच्या घरात मला ओट्याच्या पलीकडे प्रवेश नव्हता.

यात एकच नियम जिवापाड पाळायचा. आधी भरायचा नट खोलून बघायचा, मगच सोडायचा. कारण भरायचा नट वर्षानुवर्षं गंजत बसलेला असतो. शिरगावला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघत सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीचं सगळं तेल आधी सोडलं आणि मग वरच्या नटाला हात घातला. नट जागचा हलला नाही. पेटी रिकामी, गाडी हलवायची सोय नाही, आणि ती उभी सेक्रेटरीच्या जागेत. मला फोन आला तेव्हा मागून सेक्रेटरींचा आवाज जास्त स्पष्ट येत होता. मेव्हणा अजून म्हणतो की व्हिडिओ उलट्या क्रमानं दाखवला होता.

असो. मला सांगायचंय ते काशिनाथ आणि हरेश यांच्या व्हॅनचं.

हे दोघे सख्खे भाऊ, पालेगावातले. काशिनाथ मोठा, भाजीचा धंदा करणारा. कल्याणच्या मार्केटातून माल उचलायचा आणि अंबरनाथला गाळ्यावर विकायचा. हरेश धाकटा, त्याची बेंजो पार्टी. हळदीला, साखरपुड्याला, गणपतीला त्याच्या पार्टीला आसपासच्या गावांतून बोलावणं असायचं. वडील गेले, जमीन बिल्डरकडे गेली, वाटण्या झाल्या, आणि वाटण्या करता करता काहीतरी शब्दाला शब्द लागून दोघांचं बोलणं बंद झालं. कशावरून, ते दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं होतं. दोन्ही ऐकून मला एवढंच कळलं की त्यात एका आंब्याच्या झाडाचा काही दोष नव्हता.

घर वाटलं, अंगण वाटलं, भांडी वाटली. राहिली ती वडिलांनी घेतलेली जुनी आठ सीटची व्हॅन. ती मधोमध कापता येईना, आणि वडील जाताना "गाडी इकू नका" असं बोलले होते. मग गावातल्या चार लोकांनी तोडगा काढला: सम तारखेला गाडी काशिनाथची, विषम तारखेला हरेशची. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला पार्किंगची पाटी असते, अगदी तशी. त्यामुळे विषम तारखेला काशिनाथ टेम्पोवाल्याच्या मिनतवाऱ्या करायचा, आणि सम तारखेला बेंजो पार्टी रिक्षांत कोंबून निघायची, कॅसिओ मांडीवर आणि ढोल ड्रायव्हरच्या मानेवर. त्यातही एक भानगड होती. एकतीस तारीख विषम आणि दुसऱ्या दिवशीची एक तारीखही विषम, म्हणजे हरेशला लागोपाठ दोन दिवस मिळायचे. काशिनाथनं माझ्याकडे त्याची तक्रार केली होती, जणू कॅलेंडर मी छापलंय.

आतून ती गाडी बघण्यासारखी होती. काशिनाथनं समोर एकवीरा आईचा फोटो लावलेला. हरेशनं त्याच्या शेजारी एकवीरा आईचाच दुसरा लावलेला. देवी तीच, पण दुसऱ्याच्या फोटोला हात जोडायचे नाहीत.

तर एका विषम तारखेला हरेश गाडी घेऊन आला. गणपती जवळ आले होते.

"मेस्त्री, दुसऱ्या गिअरला रडते. तिसऱ्याला तर किंचाळते. आमची पार्टी वाजली नाय तरी चालंल, एवढा आवाज हिचाच येतोय."

मी एक चक्कर मारून बघितली. आवाज पेटीतूनच होता. मी विचारलं, गिअरचं तेल कधी बदललं?

"ते काय असतं?" हरेश म्हणाला. मग लगेच, "त्यालाच माहीत असंल. समवाल्याला."

"फोन करून विचार की."

"तुम्ही करा."

काशिनाथला मी फोन लावला. तो म्हणाला, "त्याला सांगा, बेंजोची पोरं हत्तीसारखी बसतात मागं, त्यानं झालंय. आणि सरळ होत नसंल तर भंगारात घाला एकदाची. मी सही करतो."

हरेश शेजारीच उभा होता, फोन स्पीकरवर होता. "त्याला सांगा," तो मला म्हणाला, "मी पण करतो."

मला ते बरं वाटलं नाही. माझा त्यात काही संबंध नव्हता, पण मनात आलं की ही गाडी गेली तर या दोघांच्या मध्ये भांडायलासुद्धा काही उरणार नाही. मी म्हटलं, आधी तेल बघू, भंगारवाला कुठे पळून जात नाही.

गाडी खड्ड्यावर घेतली. नियमाप्रमाणे आधी बाजूचा नट. तो मेव्हण्याच्या नटाचाही आजोबा निघाला. गंजाचं तेल मारलं, ब्लोलॅम्पनं शेकला, पाना लावून पाइपची दांडी चढवली आणि सगळं अंग टाकलं तेव्हा कुठे कर्र करून सुटला. मग तळाचा नट काढला आणि खाली कापलेला डबा धरला.

काळं तेल येईल अशी माझी अपेक्षा. आलं ते दुधाळ, तपकिरी, घट्टसर. दूध जास्त झालेला टपरीचा चहा असतो ना, हुबेहूब तसं.

हरेश वरून वाकून बघत होता. "मेस्त्री, चहा कुणी ओतला?"

"चहा नाही. पाणी गेलंय आत. तेल आणि पाणी घुसळून असं होतं."

"पाऊस लागला असंल."

"पावसानं होत नाही. पेटीच्या डोक्यावर हवा जायला एक बारीक नळी असते. गाडी चालून पेटी तापलेली असली आणि तशीच पाण्यात जाऊन उभी राहिली, की ती गार होताना त्या नळीतून पाणी आत ओढते. म्हणजे पाणी एवढं हवं." मी माझ्या मांडीला हात लावून दाखवला. "ही गाडी एवढ्या पाण्यात उभी होती."

हरेशचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत भावाविरुद्ध एवढा भक्कम पुरावा त्याला मिळाला नव्हता. "बोलवा त्याला! आत्ताच्या आत्ता बोलवा!"

काशिनाथ बाइकवरून आला. डब्यातलं तेल त्यानं बघितलं आणि एकदम गप्प झाला. एरवी तो गप्प बसणाऱ्यातला माणूस नव्हे. भाजी विकून विकून त्याचा आवाज असा झाला होता की तो "नमस्कार" म्हणाला तरी मेथी घ्यावीशी वाटे.

दोघं खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे, मी मध्ये खाली. दोघांची फक्त पायताणं मला दिसत होती. आणि दोघंही बोलत होते ते माझ्याशी.

"मेस्त्री, विचारा त्याला, गाडी पाण्यात कशाला घातली?"

"मेस्त्री, त्याला सांगा, मना काय माहीत नाय."

"विचारा, भाजी धुवायला गाडीसकट नदीत उतरला होता काय?"

काशिनाथची पायताणं जागच्या जागी घासली. मग काशिनाथ म्हणाला, "हां. सांगा त्याला, उतरलो होतो. गाडी धुवाया नेली नदीवर. झालं? आता भरा तेल."

हरेश विजयी हसला. पण मला ते पटेना. नदीवर गाडी धुणारा माणूस चाकं भिजतील एवढंच पाणी बघतो. मांडीएवढ्या पाण्यात जुनी गाडी कुणी हौसेनं घालत नाही, आणि काशिनाथ तर चिखल दिसला तरी वळसा घालणारा. मी बॅटरी घेऊन पेटीच्या वरच्या अंगाला, गाडीच्या पत्र्याच्या आत बघितलं. तिथे वाळलेला गाळ बसला होता आणि गाळात काहीतरी अडकलेलं होतं. चिमट्यानं ओढलं. निळ्या जाड कापडाच्या चिंध्या निघाल्या. आणखी ओढल्या, आणखी निघाल्या. जीन्सची कातरण.

मी ती हात वर करून खड्ड्याच्या काठावर ठेवली. "नदीवर जीन्स कोण शिवतं, काशिनाथभाऊ?"

हे उल्हासनगरात राहिलेल्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही. कॅम्प तीनच्या गल्ल्यांत घरोघरी जीन्स शिवतात, आणि कातरणीचे ढीग दारात पडलेले असतात. वालधुनी नदीचं पाणी गल्ल्यांत शिरलं की ते ढीग तरंगत निघतात. आणि हरेशच्या बेंजो पार्टीचं सगळं सामान, कॅसिओ, बेंजो, स्पीकर, ढोल, ताशे, कॅम्प तीनमध्ये लछू सेठच्या जीन्सच्या कारखान्याच्या मागच्या खोलीत ठेवलेलं असे.

हरेशनं वाकून ती निळी चिंधी उचलली. गेल्या पावसाळ्यात तिथे पाणी शिरलं होतं हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी हरेश सासुरवाडीला पेणकडे अडकून पडला होता. सामान गेलं म्हणून त्यानं तिकडे हाय खाल्ली होती. परत आला तर एक ढोल सोडून बाकी सामान लछू सेठच्या माळ्यावर सुखरूप! सेठनं वाचवलं म्हणून त्यानं गेल्या गणपतीत सेठचा सत्कार केला होता. शाल, नारळ, फेटा, आणि पार्टीनं वाजवून काढलेली मिरवणूक, पार गल्लीच्या टोकापर्यंत.

त्यानं फोन लावला आणि माझ्यासारखाच स्पीकरवर टाकला.

"लछू सेठ, पाणी आलं त्या दिवशी माझं सामान कुणी काढलं?"

पलीकडून शिलाई मशिनांचा घरघराट. मग सेठचा आवाज. "क्यों, क्या हुआ साईं?"

"खरं सांगा."

"अरे बाबा..." सेठ घुटमळला. "मैं तो ऊपर माळे पे खड़ा था. मेरेको तैरना आता है क्या? तेरा बड़ा भाई आया था गाडी लेके. दो बार पानी में आया-गया, सामान सूखे में रखा. पानी उतरा तब मेरे हाथ में सामान देके बोला, मेरा नाम लिया तो देख लेना. कसम डाली मेरेको."

"आणि तुम्ही शाल घेतली?"

"मैंने बोला था ना तेरेको, शाल मत दे! तू सुनता किधर है? तेरे ढोलवाले ने तो मेरी आवाज भी नहीं सुनने दी!"

फोन बंद झाला. खड्ड्यातून मला पायताणं तेवढी दिसत होती. हरेशची हलत नव्हती. काशिनाथची मागे सरकली.

"मेस्त्री," काशिनाथ म्हणाला, "त्याला सांगा, तारीख सम होती. माझ्या तारखेला मी गाडी कुठंबी नेईन."

 सांगायला तिथे कुणी लांब नव्हतं.

"सांगा त्याला," काशिनाथचा आवाज जरा खाली आला, "सांगितलं असतं तर त्याला वाटलं असतं मी बोलाया आलो." आणि मग थांबून, "मोठा ढोल राहिला तिथंच. बाबांनी आणलेला. तिसऱ्यांदा जाणार होतो, पण पाणी सीटला लागलं. गाडी बंद पडली असती तर ती पण गेली असती. दिसत होता मना ढोल. तरंगत होता."

तो ढोल वाहून गेल्याचं हरेशनं मला कधीतरी सांगितलं होतं, आणि त्याचा राग लछू सेठवर काढला होता, शाल दिल्यानंतरही.

हरेश खड्ड्याला वळसा घालून पलीकडे गेला. मला दोन जोड पायताणं एका बाजूला दिसली. इतकी वर्षं मी त्या दोघांचा टपालवाला होतो, त्यामुळे आता काय निरोप येतो याची मी वाट बघत होतो. तो मला आला नाही.

"तुला पव्हाया येतं का रं?" हरेश ओरडला. "येतं का? तळ्यात बाबांनी धरून ठेवलेला तरी बुडायचास! कुणी बोललं होतं तुला पाण्यात जायाला?"

"तू हिकडं होतास काय विचाराया?"

"फोन नव्हता?"

"तू उचलला असतास?"

 उचलला नसता हे हरेशला माहीत होतं, काशिनाथला माहीत होतं, आणि खड्ड्यातल्या मलाही माहीत होतं. मग त्यानं नाक जोरात ओढलं आणि म्हणाला, "ढोल गेला तर गेला. त्याचं चामडं तसं पण फाटाया आलं होतं." ते खोटं होतं. पण मी पाना पुसत बसलो.

आता तेलाचं. पेटीत पाणी गेलेलं असलं की एकदा तेल बदलून भागत नाही. भिंतींना, चक्रांच्या फटींत तो चहा चिकटून राहतो. म्हणून नवं तेल भरायचं, गाडी फिरवून आणायची म्हणजे ते आतलं सगळं धुऊन घेतं, मग ते सोडून द्यायचं आणि पुन्हा ताजं भरायचं. मी पहिलं तेल भरलं, नट आवळले आणि म्हटलं, "बदलापूरच्या बाजूला जाऊन या. गरम झाली पाहिजे. एकानं चालवा, एकानं मागे बसून आवाज ऐका."

"मी चालवतो," दोघं एकदम म्हणाले.

"आज विषम आहे," हरेश म्हणाला.

काशिनाथ मागे बसला. बसताना त्यानं सीटवरचा ताशा उचलून मांडीवर घेतला.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला हुरहुर नको. घरं दोनच राहिली, चुली दोनच राहिल्या आणि आंब्याच्या झाडाचा निकाल अजून लागायचाय. पण सम तारखेला हळद असली तर आता काशिनाथ स्वतः गाडी घेऊन जातो, मांडवाच्या कडेला हाताची घडी घालून उभा राहतो आणि पार्टी कुठे बेताल झाली ते परतीच्या वाटेवर सांगतो. हरेश म्हणतो, बोलत नव्हता तेच बरं होतं. गाडीचा आवाज मात्र पूर्ण गेला नाही. पाण्यानं बेअरिंग जेवढं खाल्लं तेवढं खाल्लं. तिसऱ्याला अजून थोडं गुणगुणते.

त्या दुपारी ते निघाले, आणि अर्ध्या तासाच्या चकरीला त्यांना चांगलाच वेळ लागला. माझी बायको चहा घेऊन आली. वळणावर व्हॅन दिसायच्या आधीच आवाज ऐकू यायला लागला, गिअरचा नव्हे, दोघांचा. क्लच अर्धा दाबून ठेवतोस. तू शिकवू नको. बाबांनी तुला असं शिकवलं नव्हतं. तुला शिकवलंच नव्हतं. गाडी दारात उभी राहिली तरी कुणी खाली उतरेना.

"भांडतायत वाटतं," बायको काळजीनं म्हणाली.

"हो ना," मी म्हटलं. "दे चहा."

शेवटी उतरले. मी खड्ड्यात गेलो, तळाचा नट काढला आणि डबा धरला. तेल आलं ते नव्या तेलासारखंच, मधाच्या रंगाचं, पार आरपार दिसणारं. मी त्यात बोट बुडवलं, उजेडाकडे धरून बघितलं. वरून दोघं वाकून बघत होते, खांद्याला खांदा लावून.

मी मान हलवली. "अजून नीट धुतलं गेलं नाही. पुन्हा भरतो. आणखी एक चक्कर मारून या. जरा लांबची."

"मी एकटा जाऊन येतो," हरेश म्हणाला.

"एकट्यानं नाही होणार," मी म्हटलं. "दोघं पाहिजेत."